घड्याळाचे नवे-जुने

वऱ्हाडात 'नवे-जुने' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मार्च महिना आला की शेतकरी कुठून तरी चार दिवसांसाठी पैसे उभे करतो, पीककर्जाचे खाते भरतो आणि लगोलग त्याला नवे कर्ज मंजूर होते. कागदावर जुने कर्ज फिटलेले असते आणि नवे ताजेतवाने दिसत असते. प्रत्यक्षात कर्ज तेच असते, व्याजाने थोडे अंग धरलेले. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या शाखांमध्ये बँकेची नोकरी करताना हे नवे-जुने मी इतक्या वेळा पाहिले की, एखादे खाते फारच टवटवीत दिसू लागले की त्याच्या पोटात काय आहे हे आधी पाहावेसे वाटे. निवृत्तीनंतर ही सवय एका अगदी वेगळ्या बाजारात उपयोगी पडली. तो बाजार म्हणजे जुन्या मनगटी घड्याळांचा.

गेल्या काही वर्षांत या घड्याळांना पुन्हा बरे दिवस आले आहेत. खिशातला मोबाईल सेकंदासह वेळ सांगत असताना कॉलेजातली पोरे किल्लीची घड्याळे शोधत फिरतात. पुण्या-हैदराबादला नोकरीला गेलेली मुले दिवाळीत घरी आली की आजोबांच्या कपाटातला घड्याळाचा डबा उघडतात. याचे मला कौतुकच वाटते. हजार-दीड हजारांपासून तीन-चार हजार रुपयांपर्यंत आजही चांगले, चालते, साठ-सत्तरच्या दशकातले घड्याळ मिळू शकते. मात्र याच किमतीत बाजारात जे सर्वांत जास्त विकले जाते ते जुने घड्याळ नसतेच. ते नवे-जुने केलेले घड्याळ असते. या दोहोंतला फरक गिऱ्हाईकाने ओळखला पाहिजे, आणि ओळखल्यावर त्याप्रमाणे वागले पाहिजे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

आधी थोडा इतिहास. मनगटावरचे घड्याळ ही आपल्याकडे एके काळी मिरवायची वस्तू होती. कापसाच्या गावांत सर्वसामान्य माणसाची वेळ जिनिंग-प्रेसिंगच्या भोंग्यावर किंवा आगगाडीच्या शिट्टीवर चाले. घड्याळ असे ते कापसाच्या दलालाकडे, वकिलाकडे किंवा एखाद्या देशमुखाच्या वाड्यात. तेही परदेशी: फेवर-ल्यूबा, वेस्ट एंड, रोमर, कॅमी, सँडोझ. यांतले वेस्ट एंड हे नाव लंडनच्या एका भागाचे, घड्याळ स्वित्झर्लंडचे आणि गिऱ्हाईक मुख्यतः हिंदुस्थानचे. 'फेवर-ल्यूबा' हा शब्द तर आमच्याकडे लग्नाच्या बैठकीतही ऐकू येई.

१९६१ मध्ये बंगलोरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला. तंत्रज्ञान जपानच्या सिटिझन कंपनीचे होते. पहिली घड्याळे पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली आणि त्यांतल्या एका घड्याळाचे नाव होते 'जनता'. मला हे नाव फार अर्थपूर्ण वाटते. जी वस्तू तोवर वाड्यातल्या माणसाची होती ती मास्तरांच्या, तलाठ्याच्या, कंडक्टरच्या मनगटावर आली. पुढे पायलट, जवान, कोहिनूर, सोना, कांचन अशी नावे घरोघरी झाली. सायकल, रेडिओ आणि घड्याळ या तीन वस्तूंवर वऱ्हाडातल्या किती सोयरिकी अडल्या आणि किती जुळल्या, याचा हिशेब कोणत्याही लेजरमध्ये सापडायचा नाही.

मग जमाना पालटला. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेको कंपनीने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले. १९८४ मध्ये टाटा आणि तामिळनाडू सरकारचे महामंडळ यांनी मिळून टायटन कंपनी स्थापन केली, आणि होसूरच्या कारखान्यातून निघालेल्या सेलच्या घड्याळांनी पुढच्या दहा वर्षांत किल्लीचे घड्याळ म्हातारे करून टाकले. शेवटी जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. त्यानंतर याच घड्याळांची मागणी वाढली. माणसाचे आणि कारखान्याचे सारखेच आहे. गेल्यावर गुण आठवतात.

मागणी वाढली आणि कारखाना तर बंद. मग माल येतो कुठून? तो येतो भंगारातून. चार बंद घड्याळांतून एक चालते यंत्र जमवतात. केसला घासून-पुसून पॉलिश करतात. आणि मुख्य म्हणजे जुनी, डाग पडलेली तबकडी खरवडून तिच्यावर नवा रंग चढवतात, नव्याने नाव छापतात. कधी कधी तर कारखान्याने जन्मात न वापरलेला रंग देतात: पोपटी, जांभळा, भगवा. हे काम मुंबईत इतके चालते की परदेशातल्या हौशी संग्राहकांनी अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' असेच नाव ठेवून दिले आहे. आपल्या राजधानीची ही कीर्ती काही अभिमानाची नव्हे. विक्रेते मात्र त्याच घड्याळाला 'न्यू ओल्ड स्टॉक' म्हणतात. म्हणजे दुकानात पडून राहिलेला, कधीच न वापरलेला जुना माल. असा माल क्वचित खरोखर असतो. पण या इंग्रजी शब्दांचे मराठी भाषांतर करून पाहा: नवे-जुने! आमच्या शेतकऱ्याला तो व्यवहार न सांगता कळेल.

इथे एक भेद नीट केला पाहिजे. जुन्या घड्याळात दुसऱ्या घड्याळाचा भाग बसवणे म्हणजे फसवणूक, असे मी म्हणत नाही. कारखाना बंद झाल्यावर सुटा भाग दुसऱ्या बंद घड्याळातूनच येणार. त्याच कंपनीच्या, त्याच जातीच्या यंत्राची स्प्रिंग किंवा बॅलन्स चाक काढून बसवले तर ती दुरुस्ती होय. अमरावतीत जवाहर गेटजवळ बसणारे एक वयस्कर कारागीर आहेत. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात बंद पडलेली पन्नासेक घड्याळे असतात. ते म्हणतात, "साहेब, हे मेलेले हायेत म्हनून ते वरचे जित्ते हायेत." या वाक्यात सगळा धंदा आला.

पण तबकडी ही घड्याळाची सही आहे. ते कुणाचे, कुठले, किती वर्षांचे, कसे वापरलेले, हे ती सांगते. ती खरवडून नवी छापली आणि तसे न सांगता विकले, तर ती दुरुस्ती राहत नाही. बँकेत खातेदाराचा पत्ता बदलला तर आम्ही नोंद करीत असू. खातेदाराची सही दुसऱ्याच कुणी केली तर पोलिसांत जात असू. घड्याळाच्या बाजारात या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

आता ओळखायचे कसे? सोनेतारण कर्ज देताना बँकेचा मूल्यांकन करणारा सोनार दागिन्याची चकाकी पाहत नसे. कडी, फासा, डाग दिलेली जागा, आतली बाजू, म्हणजे जिथे झीज व्हायला हवी ती जागा तो आधी पाही. घड्याळाचेही तसेच आहे.

पहिल्यांदा तबकडीकडे पाहावे, आणि ते भिंगातून. कारखान्याची छपाई बारीक आणि कोरीव असते. हाताने पुन्हा छापलेली अक्षरे जाडी, पसरट आणि कडेला फुटलेली दिसतात. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. तळाशी सहाच्या आकड्याजवळ 'स्विस मेड' लिहिले असेल तर ते मध्यावर आहे का, काठाखाली कापले गेले आहे का, हे पाहावे. तबकडी आरशासारखी लखलखीत आणि काटे मात्र मळकट, गंजट असतील, तर दोघांची वये जुळत नाहीत एवढे समजावे. एकाच घरात राहिलेली माणसे बरोबरीनेच म्हातारी होतात. उलट तबकडीला पिवळसर झाक आली असेल, काठाला ओलीचे बारीक ठिपके असतील, तर नाक मुरडू नये. ते घड्याळाचे वय आहे, आणि आपण वयच विकत घ्यायला आलो आहोत.

दुसरी गोष्ट केस. मागच्या झाकणावर 'स्टेनलेस स्टील बॅक' असे लिहिलेले असले तर त्याचा अर्थ फक्त पाठ पोलादाची आहे. बाकी केस मुलामा दिलेल्या पितळेची असू शकते. पट्टा अडकवण्याच्या चार कोपऱ्यांवर मुलामा उडून पितळ दिसू लागते. त्यात गैर काही नाही, फक्त ते पोलादाच्या भावाने घेऊ नये. कोपरे अतिशय गुळगुळीत, गोल झाले असतील तर पॉलिशच्या चाकावर ती केस फार वेळा चढली आहे असे धरावे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मागचे झाकण उघडायला सांगावे. जो विक्रेता उघडून दाखवत नाही त्याला नमस्कार करून निघावे. आत यंत्रावर नाव कोरलेले असते. तबकडीवर एक नाव आणि यंत्रावर भलतेच, तबकडीवर २१ ज्युवेल आणि यंत्रावर १७, असे असेल तर पुढची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. जुन्या सेको घड्याळाच्या पाठीवर तर जन्मतारीखच असते. तिथल्या आकड्यांत पहिले चार आकडे यंत्राची जात सांगतात. वेगळ्या लिहिलेल्या अनुक्रमांकातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी इंग्रजीतली ओ, एन, डी ही अक्षरे. दशक कोणते हे यंत्राच्या जातीवरून ठरवायचे.

या सतरा ज्युवेलांबद्दलही बराच गैरसमज आहे. ही माणके खाणीतली नव्हेत. फ्रान्सच्या व्हेर्नॉय या शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये कृत्रिम माणिक बनवण्याची रीत जाहीर केली, तेव्हापासून ती स्वस्त झाली. चाकांचे आस ज्या भोकांत फिरतात तिथे झीज होऊ नये म्हणून ती बसवतात, आणि किल्लीच्या साध्या घड्याळाला सतरा पुरतात. वऱ्हाडातल्या पंगतीत आग्रहाने वाढलेली अठरावी पुरी जशी पोटात जागा करीत नाही, तसे वाढीव ज्युवेलांनी घड्याळ अधिक बिनचूक होतेच असे नाही.

चौथी परीक्षा कानाची आणि सबुरीची. किल्ली देताना हाताला खरखर लागू नये. घड्याळ उताणे आणि पालथे ठेवून कानाशी धरावे. टिकटिक दोन्हीकडे सारखी यावी. पूर्ण किल्ली दिल्यावर चांगले यंत्र दीड दिवसाच्या आसपास चालते. चोवीस तासांत एक-दोन मिनिटे मागेपुढे झाली तर तो दोष समजू नये. पन्नास वर्षांच्या घड्याळाकडून मोबाईलची अपेक्षा धरणारा माणूस उद्या वडिलांकडूनही धरेल. पाण्यापासून मात्र त्याला जपावे. झाकणावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेले असले तरी त्या जुन्या रबराचा आता भरवसा नाही. आणि अंधारात चमकणारे फार जुने, १९६० च्या आधीचे घड्याळ असेल तर त्यात रेडियमचा लेप असण्याची शक्यता असते. तो लेप घरी खरवडण्याचा उद्योग कुणीही करू नये.

आता या वादाची दुसरी बाजू. ती मला अकोल्यात टिळक रोडवरच्या एका कारागिराने ऐकवली. तबकड्या रंगवून आणण्यावरून मी त्याला छेडले तेव्हा तो भिंग कपाळावर सरकवून म्हणाला, "साहेब, खरी तबकडी ठेवली तं गिऱ्हाईक म्हनते, भाऊ, हे तं जुनं दिसून रायलं! जुनं घ्याले येते अन् जुनं दिसते म्हनून वापस जाते. आता मले सांगा, म्या काय कराव?"

या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. त्याने दिवसभर मान मोडून यंत्र साफ केले, तेल दिले, चाल जुळवली, तर त्याला तीनशे-चारशे रुपये देताना लोक घासाघीस करतात. तेच घड्याळ रंगवून, चकाकवून, लाल पट्टा लावून काचेत ठेवले की दीड हजार देऊन नेतात. म्हणजे कसबाला भाव नाही आणि रंगाला आहे. अशा बाजारात रंगाचा धंदा वाढला, तर त्याचा दोष एकट्या कारागिराच्या माथी मारणे हा शहाजोगपणा होईल. नवे-जुने करणाऱ्या शेतकऱ्याला लबाड म्हणणारे साहेब मी नोकरीत पुष्कळ पाहिले. तो तसे का करतो, हे विचारणारे थोडे. दोन्हीकडे कारण एकच असते: खरी स्थिती दाखवली तर व्यवहारच होत नाही.

तरीही मी त्या कारागिराशी पूर्ण सहमत नाही. रंगवलेली तबकडी रंगवलेली म्हणून विकावी. तसे स्पष्ट सांगितले तर घेणाऱ्याची हौस आणि देणाऱ्याची भाकर, दोन्ही राखल्या जातील. न सांगितल्याने जे नुकसान होते ते गिऱ्हाईकाच्या हजार रुपयांपुरते नाही. एकदा खरवडलेली तबकडी पुन्हा मिळत नाही. दर वर्षी अशा किती तबकड्या खरवडल्या जातात कोण जाणे. पण एचएमटी आता त्या छापणार नाही. आणि ज्याला एकदा खोटे घड्याळ खरे म्हणून विकले गेले तो तरुण पुन्हा या वाटेला येत नाही. जो कायमचा गिऱ्हाईक झाला असता, वर्षा-दोन वर्षांनी सर्व्हिसिंगला आला असता, तो कारागीर स्वतःच्या हाताने गमावतो.

म्हणून घेणाऱ्यांना माझे सांगणे असे. खरेदीची किंमत ही घड्याळाची अर्धीच किंमत समजा. हजाराला घड्याळ घेतले तर साफसफाई आणि किरकोळ दुरुस्तीसाठी वेगळे पैसे बाजूला ठेवा. आधी कारागीर शोधा, मग घड्याळ. ट्रॅक्टर घेताना त्या कंपनीचा मिस्त्री तालुक्याला आहे का हे शेतकरी जसे पाहतो तसे. पहिले घड्याळ घेताना एचएमटीसारखे घ्या, ज्याचे यंत्र आपल्या गावच्या कारागिराने शेकडो वेळा उघडले आहे. दुर्मीळ परदेशी नावाच्या मोहात पडू नका. त्याचा एक भाग मोडला की ते पेपरवेट होते. गुंतवणूक म्हणून तर मुळीच घेऊ नका. उद्या दुप्पट भाव येईल असे सांगणारा माणूस घड्याळाचा जाणकार नसतो. तसल्या माणसांच्या सांगण्यावरून घेतलेल्या गोष्टींची वसुली करण्यात माझ्यासारख्यांची हयात गेली आहे.

आणि ज्यांच्या घरी असे घड्याळ आधीच आहे त्यांना थोडे अधिक. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला पात्राच्या मनगटाकडे पाहावे लागते. काचेवरचा ओरखडा कुठल्या बाजूला आहे यावरून माणूस कुठल्या हाताने काम करीत होता हे कळते. बाराव्या आकड्याजवळचा काळपट डाग, सैल झालेली किल्ली, जागच्या जागी वाढवलेले पट्ट्याचे भोक, हा एका माणसाचा मजकूर असतो. वडिलांचे घड्याळ 'नव्यासारखे' करून आणणारी मुले मी पाहिली आहेत. हेतू प्रेमाचाच असतो. पण परत येते ते लखलखीत घड्याळ कुणाचेच नसते. वडिलांचे तर नसतेच.

तेव्हा कपाटातला डबा उघडला आणि आत बंद पडलेले घड्याळ सापडले तर ते भंगारवाल्याला देऊ नये. गावातल्या कारागिराकडे न्यावे. यंत्र साफ करा, काच हवी तर बदला, तबकडीला हात लावू नका, असे त्याला स्पष्ट सांगावे. दुरुस्त होण्यासारखे नसेल तर त्याच्याच खणात ठेवून यावे, दुसऱ्या कुणाच्या वडिलांचे घड्याळ त्यातून चालू होईल. आणि तो जी मजुरी सांगेल ती घासाघीस न करता द्यावी. रंगाला दीड हजार मोजणाऱ्या गावाने कसबाला पाचशे मोजायला शिकले, तर तबकड्या रंगवण्याची गरज आपोआप कमी होईल. त्या टिळक रोडवरच्या माणसाच्या प्रश्नाला माझ्याजवळ एवढेच उत्तर आहे, आणि ते त्याने नव्हे, आपण द्यायचे आहे.